तुझ्या फोटोला हार नाही

तानी,

परवा तुझ्या शोकसभेत मी भांडले. ऐकून तुला बरंच वाटलं असतं. शोकसभेत सगळे गोड गोड बोलतात म्हणून तू अशा ठिकाणी जायचं टाळायचीस, आणि तुझ्याच शोकसभेत सुरुवातीलाच वाजलं. सरदेसाईकाकांनी पिशवीतून चंदनाचा हार काढला, फोटोपाशी गेले, आणि मी मधे जाऊन उभी राहिले. "काका, हार नको," म्हणाले. "तानीला चालायचा नाही."

काका आमच्या मराठी मंडळात सगळ्यांत जुने. त्यांना असं कुणी अडवत नाही. "अगं, गेलेल्या माणसाला चालायचा-न चालायचा प्रश्न येतो कुठे?" ते म्हणाले. "असा बोडका फोटो ठेवतात का कधी? लोक काय म्हणतील, बाईला चार फुलंसुद्धा मिळाली नाहीत?"

"म्हणू देत," मी म्हणाले, आणि हार पिशवीत परत गेला.

अल कुसैसच्या आमच्या घरात, जिथे आपण सोफे भिंतीला सरकवून तालमी केल्या, तिथेच खुर्च्या मांडल्या होत्या. टीव्हीच्या टेबलावर तुझा फोटो. लोक येत होते, हात जोडत होते आणि नजर चुकवून खुर्चीत बसत होते. हार नसला की फोटोतला माणूस गेलाय असं वाटतच नाही, हे मला तेव्हा कळलं. तू सगळ्यांकडे बघत होतीस, आता कोण वाक्य विसरतंय याची वाट पाहिल्यासारखी. सभा लवकर आटोपली.

खुर्च्या आवरताना मुक्ता म्हणाली, "आई, यू डिड द राइट थिंग. शी वुड हॅव हेटेड दॅट हार." माझ्या लेकीला मी बरोबर वाटण्याचे प्रसंग फार थोडे. तरी मला बरं वाटलं नाही. बरोबर केलं की चूक, हे जिला विचारायचं तीच फोटोत होती.

मुक्तामुळेच तर तू आमच्या घरी आलीस. शारजाच्या विद्यापीठात ती तुझा नाटकाचा वर्ग करायची आणि घरी येऊन पोटातून ओरडायचा सराव करायची. शेजारच्या केरळी बाई बेल वाजवून सगळं ठीक आहे ना, असं विचारून गेल्या. "त्या प्रोफेसरला जेवायला बोलाव," मी म्हटलं, "बघू तरी कोण शिकवतं हे." आणि तू आलीस. उंच, पांढऱ्या केसांची, उन्हाने रापलेली, हातात घरी भाजलेल्या रस्कचा डबा. "मला तानी म्हण," दारातच म्हणालीस. तुमच्या आफ्रिकान्स भाषेत वयाने मोठ्या कुठल्याही बाईला तानी म्हणतात, आपल्या मावशीसारखं. एल्साबे हे तुझं खरं नाव आमच्यात कुणी घेतलंच नाही. आणि मावशीला अहो-जाहो कोण करतं? इंग्रजीत सगळंच 'यू', त्यामुळे मी मनातल्या मनात तुला अगं-तुगं करते हे तुला शेवटपर्यंत कळलं नाही.

ते रस्क म्हणजे निव्वळ दगड. तुम्ही ते कॉफीत बुडवून खाता. मी आपला चहात बुडवला, तर तू किंचाळलीस. मी म्हटलं, आमच्याकडे टोस्ट चहातच बुडतो, आणि बुडून तळाला गेला तर तो चमच्याने खायचा असतो. तो आपला पहिला वाद. तोही मिटला नाहीच.

काही लिहितेस का, असं मी त्या दिवशी विचारलं, तेव्हा तू "लिहायचे," एवढंच म्हणालीस. बाकीचं मला पुढे तुकड्यातुकड्याने कळलं. तरुणपणी तू आफ्रिकान्समध्ये नाटकं लिहिलीस, गावोगावच्या चर्चच्या हॉलमध्ये ती झाली, काही लोकांनी बंद पाडली. आपल्याच घरची धुणी ही बाई चव्हाट्यावर धुते, म्हणाले. मग तू शिकवायला लागलीस आणि लिहिणं थांबलं. "ज्या भाषेत माझ्या बापाने माणसांना हुकूम सोडले, त्या भाषेत मी आता काय लिहू?" तू म्हणायचीस. "आणि दुसरी मला लिहिण्याइतकी येत नाही."

"मग माझ्या भाषेत लिही," मी म्हणाले. थट्टेत म्हणाले होते. तू मात्र थालीपिठाचा तुकडा हातात धरून विचारात पडलीस.

त्यातून आपले शनिवार सुरू झाले. तू शारजाच्या ट्रॅफिकला शिव्या देत यायचीस. एकेक वाक्य आधी आफ्रिकान्समध्ये, उभं राहून, हातवारे करून म्हणायचीस. मग त्याचं इंग्रजी सांगायचीस. मी मराठी करायची आणि तू डोळे मिटून ऐकायचीस. मराठीचं तुला एक अक्षर कळत नव्हतं, तरी मधेच म्हणायचीस, "थांब. ही बाई आता खोटं बोलली." चीड यायची, कारण तिथे मी वाक्य खरंच मवाळ केलेलं असायचं.

"तानी, आमच्यात बापाला असं बोलत नाहीत."

"आमच्यातही बोलत नाहीत. म्हणून तर नाटक लिहावं लागलं."

त्या नाटकाला नाव होतं, पण आम्ही सगळे 'बापाचं नाटक'च म्हणायचो. गोष्ट तुझीच. आमच्या माणदेशासारखा कोरडा मुलूख, मेंढरं, वाऱ्यावर चालणारा पाण्याचा पंप. बाप शब्दाचा पक्का, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा, आणि काळ्या-गोऱ्यांनी वेगळं राहावं यावर देवाइतकीच श्रद्धा असलेला. त्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं एक काळं कुटुंब होतं. त्यातल्या बाईने तुला अंगाखांद्यावर वाढवलं. तिची मुलगी मार्था तुझी जिवाभावाची मैत्रीण. मार्थाचा भाऊ एकदा उलटून बोलला, एवढ्यावरून तुझ्या बापाने त्या सगळ्यांना बिऱ्हाडासकट हाकललं. भांडीकुंडी भरलेला ट्रक जाताना तू खिडकीतून पाहिलास. पुढे बाप गेला तेव्हा तू त्याच्या मातीला गेली नाहीस. नाटकातली मुलगी मात्र जाते. माती झाल्यावर लोक घरी जमतात, बापाचे गोडवे गातात, आणि शेवटी ती त्याच्या फोटोसमोर उभी राहून लांबलचक भाषण करून त्याला जाब विचारते.

ते भाषण तुला कधीच आवडलं नव्हतं. "यात मुलगी बोलत नाही, प्रोफेसर बोलते," म्हणायचीस. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

मुलगी मी केली. कारण कला वगैरे नव्हे. त्या वयाचं दुसरं कुणी तयार होईना. मी पोळी-भाजीचे डबे देणारी बाई, शाळेच्या गॅदरिंगनंतर रंगमंचाचं तोंड पाहिलं नव्हतं. सेट दिनेशचा. दिनेश कणकवलीचा, जबल अलीला वेअरहाउसमध्ये कामाला, कंपनीच्या बसचं जमेल तसा यायचा. भिंतीवर लावायला फोटो तू स्वतः आणून दिलास, तुझ्या खऱ्या बापाचा. "तो स्टेजवर हवाच," म्हणालीस.

रंगीत तालमीच्या दिवशी दिनेशने पडद्यामागे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या पोरांनी नाटकाचो घाट घातलो हा, तो सांभाळून घे रे म्हाराजा!" आणि सगळ्यांत मोठ्याने, तुझ्या त्या घोगऱ्या आवाजात, "व्हय म्हाराजा!" तू म्हणालीस. दिनेशला गहिवरून आलं. मग तू खाली जाऊन बसलीस आणि पडदा उघडला.

भिंतीवर तुझा बाप होता. गळ्यात चंदनाचा हार, काचेवर कुंकवाचं बोट, खाली बॅटरीची पणती, कारण खरी लावली तर फायर अलार्म वाजला असता. दिनेशला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही. माणूस गेलाय, भिंतीवर फोटो आहे, मग हार आलाच. आमच्यातल्या एकालाही ते खटकलं नाही. मलाही नाही, आणि मला तर ते नाटक शब्दन्‌शब्द पाठ होतं.

तू उठलीस. आफ्रिकान्समध्ये काहीतरी ओरडलीस, ते कुणाला कळलं नाही आणि कळायची गरजही नव्हती. तरातरा स्टेजवर चढलीस आणि बापाच्या गळ्यातला हार ओढून काढलास.

"मॅडम, मत निकालो!" दिनेश विंगेतून धावत आला. "मरे हुए आदमी का हार कोई निकालता है क्या?" मग माझ्याकडे वळून, "वैनी, सांगा तेंका. ह्यां बरा नाय. माणूस कसोय असांदे, हार काढूचो नसता."

तू हार हातात धरून आमच्याकडे वळलीस. आम्ही सगळे, मी धरून, थोबाडीत बसल्यासारखे उभे होतो. ते चेहरे तू पाहिलेस. तुझा राग कुठे गेला कोण जाणे, तू एकेका चेहऱ्याकडे अगदी निरखून बघायला लागलीस. मग हळूच दिनेशच्या हातात हार दिलास. "परत घाल," म्हणालीस, आणि मला म्हणालीस, "शेवटी तू काढायचास. भाषण नाही. एक शब्दही नाही. हार काढायचास आणि बाहेर जायचंस."

प्रयोगाला सभागृह भरलं होतं. शेवटी मी फोटोपाशी गेले, हात वर केले, हार काढला. सगळ्या माणसांनी एकदम श्वास आत ओढल्याचा आवाज मला पाठीमागून ऐकू आला. मागच्या रांगेतून कुणीतरी "अहो, हे काय चाललंय?" म्हणालं. सरदेसाईकाका पहिल्या रांगेत तोंड फिरवून बसले. पडदा पडला तरी टाळ्या नाहीत, आणि मग आल्या त्या थांबेनात. विंगेत तू रडत होतीस. इतकी वर्षं शोधत होते तो शेवट तुमच्या चुकीतून मिळाला, म्हणालीस. मला विचारलंस, कसं वाटलं? मी म्हणाले, पाय दुखतात.

पाय दुखतात! तानी, सगळं आयुष्य मी इतरांना जेवायला काय हवंय ते ओळखण्यात घालवलं, आणि त्या संध्याकाळी इतकी माणसं मी आता काय करते म्हणून श्वास धरून बसली होती. ते तू मला दिलंस. थँक्यू म्हणायला मी लाजले. नंतर म्हणेन, असं ठरवत राहिले आणि नंतर आपण भांडण्यातच वेळ घालवला.

कारण माझे हात. हार काढल्यापासून त्यांना चैन नव्हतं. उम्म अल कुवैनला खाडीकाठी चटई टाकून आपण बसलो होतो तेव्हा मी विषय काढला. पुढच्या प्रयोगात मी हार काढीन, पण जायच्या आधी परत घालीन.

"कशासाठी?"

"तानी, हार म्हणजे माफी नाही. आमच्यात दारुड्यालाही घालतात, बायकोला मारणाऱ्यालाही घालतात. हार म्हणजे एवढंच, की हा माणूस आता भांडायला उरला नाही."

"मला त्याच्याशी अजून भांडायचंय."

"किती दिवस?"

"मी आहे तोवर." मग थोड्या वेळाने म्हणालीस, "आणि त्याला फुलं घालायचा हक्क माझा नाही. ज्यांना त्याने हाकललं त्यांचा आहे. मार्थाचा, तिच्या आईचा."

"मग विचार ना मार्थाला. दर सुट्टीत तर जातेस तिच्याकडे."

"ते विचारण्यासारखं नसतं," म्हणालीस. "त्याच्या मुलीने तिच्या दारात जायचं आणि म्हणायचं, माझ्या बापाला फुलं घालू का? कुठल्या तोंडाने?"

त्या दिवशी तुझं बरोबर वाटलं. एक मात्र बोलायला हवं होतं, ते राहूनच गेलं. बापाने हुकूम सोडले ती भाषा, असं तू सारखं म्हणायचीस. पण मार्थाच्या आईने तुला अंगाई म्हटली तीही त्याच भाषेत. मग तिच्यासाठी का नाही लिहायचं? हे मला घरी परतताना गाडीत सुचलं, आणि तेव्हा तू रेडिओवरच्या बातम्यांशी भांडत होतीस.

दुसरा प्रयोग झालाच नाही. "यल्ला, चल, तारीख ठरव," तू म्हणायचीस. "आधी शेवट ठरू दे," मी म्हणायची. रमजान आला, मग उन्हाळा, सगळे गावी गेले. आपण दोघीही हटलो नाही, आणि आपल्याला वाटत होतं की या भांडणाला भरपूर वेळ आहे. मग तूच गेलीस. तुझा भाचा येऊन तुला तुझ्या गावी मातीला घेऊन गेला. आमच्याकडे एक फोटो राहिला, आणि त्याला मी हार घालू दिला नाही. तू तुझ्या बापाला नाकारलास तो हार तुला कसा घालू? माझा विचार साधा होता. तुझ्या बाजूने भांडायला आता मीच होते.

काल दुपारी कणीक मळत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. म्हातारा, सावकाश आवाज. इंग्रजी अगदी तुझ्यासारखं, तेच घोळवलेले र. "मी मार्था," ती म्हणाली. भाच्याने नंबर दिला होता. एल्साबे तिकडे कुणामध्ये राहत होती ते तिला ऐकायचं होतं. मी शनिवारचं सांगितलं, रस्कचं सांगितलं, आणि बोलता बोलता हाराचंही सगळं सांगून बसले. दिनेशची चूक, तू हार ओढलास ते, खाडीकाठचं भांडण.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "माझी आई त्या माणसाला दर वर्षी फुलं घालायची."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आमची माणसंही त्याच माळावर पुरलेली आहेत," ती म्हणाली. "तारेच्या कुंपणाच्या अलीकडे आमची आजी, पलीकडे तो. आई आजीला फुलं न्यायची. एकाला घालून दुसऱ्याच्या डोक्यावरून तसंच परत यायचं का? उरलेली त्याच्यावर ठेवायची."

"म्हणजे त्यांनी माफ केलं त्याला?"

मार्था हसायलाच लागली. "माफ? आई मरेपर्यंत त्याला शिव्या देत होती. फुलं ठेवताना तर मोठ्याने द्यायची, त्याला नीट ऐकू जावं म्हणून. आता मी जाते. मीही देते."

"हे तानीला माहीत होतं?"

"तिने कधी विचारलंच नाही," मार्था म्हणाली. "माझ्या ओट्यावर बसायची, कॉफी प्यायची, जगातलं सगळं बोलायची. बापाचं नाव काढायची नाही. मला वाटायचं तिला त्रास होईल, म्हणून मीही काढलं नाही."

पहिलं मनात काय आलं सांगू? वाद मी जिंकले. आपली सवयच तशी. आणि मग ते सगळं अंगावर आलं. तुझा राग खरा होता, तो तुला सोडायची गरजच नव्हती. शिव्या देत फुलं ठेवता येतात, हे त्या बायकांना ठाऊक होतं आणि दर वर्षी त्या ते करत होत्या, तू जिथे कॉफी प्यायचीस तिथून जवळच. आणि तू, एवढी शिकलेली, एवढी नाटकं लिहिलेली, आयुष्यभर एकटीच दार लावून त्याच्याशी भांडत बसलीस. मला त्याचं फार वाईट वाटतंय, तानी. जिंकल्याचं काहीच वाटत नाही.

फोन ठेवायच्या आधी मार्थाने विचारलं, "एल्साबेला तिकडे फुलं कुणी घातली?"

"कुणीच नाही," म्हणाले. "मी घालू दिली नाहीत."

मग ती म्हणाली, "घाल, बाई. आणि घालताना काय बोलायचं ते बोलून घे तिला."

सरदेसाईकाकांना आत्ताच फोन केला. ते फक्त एवढंच म्हणाले, हार घेऊन येतो. ते येईपर्यंत मी इथे तुझ्यासमोर बसलेय, आणि बोलायचं ठरवलेलं सगळं बाजूला पडून पुन्हा पुन्हा एकच तोंडावर येतंय. विचारायचं होतंस गं. नुसतं एकदा विचारायचं होतंस.